वेठ विल्बरफोर्सने मोडली नाही

डहाणूत आदिवासी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायला आलेल्या एका विद्वानांचं म्हणणं थोडक्यात असं: गुलामगिरी इंग्लंडात विल्बरफोर्सने आणि अमेरिकेत लिंकनने संपवली, इतिहास थोर माणसं घडवतात, मुलांनी त्यांचीच चरित्रं वाचावीत, इथल्या वारली आदिवासींचा १९४५चा उठाव ही तालुक्यापुरती भानगड, तीही बाहेरच्यांनी चिथावलेली. मुलं हे सगळं वहीत उतरवून घेत होती. म्हणूनच गप्प बसवत नाही.

ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरीविरोधी कायदा केला हे खरं. पण त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता, हे मुलांना कोणी सांगायचं? भरपाईचे २ कोटी पौंड ठरले तेही मालकांसाठी. गुलामांच्या हाती छदाम पडला नाही. हिंदुस्थानासाठी कायदा आला १८४३ साली. कागदावर आपल्याकडची गुलामगिरी तेव्हाच संपली. मग शंभर वर्षांनंतर उंबरगाव-डहाणूच्या पाड्यांवर काय चाललं होतं? लग्नासाठी शेदोनशे रुपये कर्ज काढायचं आणि त्यापायी बायकोसकट जन्मभर सावकाराकडे राबायचं. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. कुळाने आधी जमीनदाराची आवणी उरकायची, मग स्वतःच्या खाचरात उतरायचं. नाही म्हटलं तर मार. सरकारला याची खबर नव्हती म्हणावं, तर सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९३०च्या दशकाअखेरीस सरकारी अहवालातच वेठीचं वर्णन केलं होतं. अहवाल दप्तरी लागला, वेठ चालूच राहिली.

ती मोडली झरीत. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेला इथले वारली गेले, त्यांच्यातला माह्या धांगडा तिथे उभा राहून बोलला. २३ मेला तलासरीजवळच्या झरीत पाचेक हजार माणसं जमली आणि ठरलं, यापुढे वेठ करायची नाही. लग्नगडी सावकारांची दारं सोडून निघाले. पाऊस सरला, गवत कापणीचे दिवस आले. हे गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. जमीनदारांचा तो मोठा धंदा. वारल्यांची मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. उन्हात ओणवं होऊन विळा चालवायचा, भारे बांधायचे, ते वाहून आणायचे, आणि असे ५०० पौंड भरले की अडीच रुपये! याला उत्तर मिळालं १० ऑक्टोबरला तलवाड्यात. पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगडसह पाच जण गेले. तेव्हा लंडनला पंतप्रधान होते ॲटली. मजूर पक्षाचा पुढारी सत्तेवर असताना, त्याच्या सरकारच्या अमलाखाली, मजुरी मागणारी माणसं मारली गेली. ॲटलींचा धडा शिकवताना हे पान फाडून ठेवायचं का?

बाहेरच्यांची चिथावणी म्हणाल, तर गोदावरी आणि शामराव परुळेकर हे किसान सभेचे कार्यकर्ते बाहेरून आले होते, पण आधी वारलीच टिटवाळ्याला गेले होते. विल्बरफोर्सही गुलाम नव्हता. त्याला कुणी चिथावणीखोर म्हणत नाही.

राहिला लिंकन. गुलामांना मुक्त करणारा त्याचा १८६३चा जाहीरनामा फक्त बंडखोर राज्यांपुरता होता. पूर्ण बंदीला १८६५ची घटनादुरुस्ती लागली.

   

मग मुलांनी लिंकन वाचू नये? जरूर वाचावा. त्याच्याबरोबर स्वतः गुलामीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस वाचावा, गुलामीतून पळून गेल्यावर इतरांना सोडवायला पुन्हा पुन्हा माघारी गेलेली हॅरिएट टबमन वाचावी. अमेरिकेचा हा इतिहास मराठीत नीट कळला तो जोतीराव फुल्यांना. १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली, ती त्यांनी अर्पण केली ती एका राष्ट्राध्यक्षाला नव्हे, गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्या अमेरिकेच्या सज्जन जनतेला.

परीक्षेत झरीवर प्रश्न येत नाही, अशी शेवटची सबब असते. मग शाळांनी तो विचारायला लागावं. तलासरीच्या वर्गांत लग्नगड्यांची नातवंडं-पतवंडं बसलेली आहेत. लिंकनचा धडा ज्या आठवड्यात होईल, त्याच आठवड्यात त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून यावं आणि वर्गासमोर उभं राहून सांगावं, आपला आजा कुणाच्या दारात राबत होता आणि तिथून कसा सुटला.