न्याय देणाऱ्याची मुदत

आपल्या अनेक घरांत कुणी ना कुणी सरकारी नोकरीत असते. कुणी पोलीस शिपाई, कुणी तलाठी, कुणी शासकीय रुग्णालयात परिचारिका. बढती डावलली गेली, बदली अन्यायाची झाली किंवा पेन्शन अडकली, तर या माणसांना थेट उच्च न्यायालयात जाता येत नाही. आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ‘मॅट’कडे, अर्ज करावा लागतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे त्याचे कामकाज चालते.

इथे समोरचा पक्ष जवळपास नेहमीच सरकार असते, आणि निकाल देणाऱ्या सदस्यांना नेमतेही सरकारच. म्हणून त्यांना किती वर्षांसाठी नेमायचे, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

1985च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्यात ही मुदत पाच वर्षांची होती. 2017मध्ये केंद्राने देशातल्या अनेक न्यायाधिकरणांसाठी नवे नियम केले आणि मुदत तीन वर्षांवर आणली. 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले. 2020मध्ये चार वर्षांचा नियम आला. न्यायालयाने पाच वर्षे करा असे सांगितले. एप्रिल 2021मध्ये वटहुकूम काढून पुन्हा चार वर्षे झाली. जुलैत न्यायालयाने तीही तरतूद रद्द केली. ऑगस्टमध्ये संसदेने तीच चार वर्षे कायद्यात घातली. नोव्हेंबर 2025मध्ये न्यायालयाने याही तरतुदी रद्द केल्या.

एका वर्षासाठी एवढी ओढाताण कशाला, असे कुणी विचारेल. पण सेवानियमांचे जंगल समजायलाच वर्ष-दीड वर्ष जाते. काम हाती येते तोवर निरोपाची वेळ येते. चार वर्षांसाठी चालती वकिली सोडून कोण येणार? आणि पुन्हा नेमणूक हवी असेल, तर सरकारविरुद्ध निकाल लिहिताना हात अडखळणार नाही, याची खात्री कोण देणार? सदस्य प्रामाणिक असला, तरी अर्जदाराच्या मनात शंका राहतेच.

तहहयात खुर्ची आम्हीही मागत नाही. निदान पाच वर्षे पक्की असावीत, फेरनेमणुकीत न्यायाधीशांचा शब्द चालावा आणि जागा रिकामी होण्याआधीच नवी निवड व्हावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. खुर्ची रिकामी राहते तेव्हा पेन्शनची वाट पाहणाऱ्या घराची चूल थांबत नाही.

वाचकांनी एक ध्यानात ठेवावे: अंतिम आदेशानंतर ‘मॅट’कडे अर्ज करण्याची मुदत साधारण एक वर्षाची असते. ती चुकवू नका.