प्रयोगशाळेतला आकडा आणि चेहऱ्यावरचे ऊन

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशीपार जातो आणि कोरफड, हळद, ग्रीन टी, डाळिंबाची साल असलेली 'हर्बल' सनस्क्रीन दुकानांत दर्शनी भागात येतात. अँटिऑक्सिडंट असले की ऊन बाधत नाही, असा ग्राहकाचा समज होतो. तो धोक्याचा आहे.

वनस्पतींच्या अर्कांत गुण आहेत, हे आधी मान्य करू. ऊन त्वचेत शिरले की मुक्त मूलके तयार होतात आणि कोलॅजेनची झीज करतात. वांग, अकाली सुरकुत्या यांत त्यांचा वाटा असतो. डाळिंबाच्या सालीतली टॅनिने, चहातली पॉलिफेनॉल ही मूलके निकामी करू शकतात. ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये डुकराच्या त्वचेवर दाखवले की, क आणि ई जीवनसत्त्वांच्या द्रावणात वनस्पतींत आढळणारे फेरुलिक आम्ल घातले की संरक्षण चौपटीवरून आठपटीच्या आसपास जाते. मात्र अतिनील-ब किरण डीएनएवर थेटही घाव घालतात. तिथे मूलके टिपून भागत नाही, किरणच अडवावे लागतात.

औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांत अर्कांची ऊन रोखण्याची क्षमता मोजणे हा आवडीचा विषय आहे. अर्क पातळ करायचा, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २९० ते ३२० नॅनोमीटरमधले शोषण मोजायचे आणि 'मन्सूर सूत्र' नावाच्या समीकरणाने एसपीएफ, म्हणजे ऊन-संरक्षणाचा आकडा, काढायचा. पहिली चाळणी म्हणून पद्धत चांगली, स्वस्तही. पण द्रावण दाट केले की आकडा चढतो. वांग गडद करणारे ३२० ते ४०० नॅनोमीटरचे अतिनील-अ किरण या मोजणीत येतच नाहीत. घामात लेप टिकेल का, अर्क स्वतःच उन्हात विघटित होईल का, हेही कळत नाही. एसपीएफची खरी चाचणी माणसाच्या त्वचेवर, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप लावून होते.

शिवाय झाडपाला म्हणजे निर्धोक, असेही नाही. बावची या वनस्पतीतले सोरॅलेन त्वचेला उन्हाबाबत हळवे करते. म्हणूनच कोडाच्या उपचारात ते प्रकाशाच्या जोडीने वापरतात. लिंबाच्या सालीतही त्याच जातीची द्रव्ये आहेत. चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात गेलेल्याला फोड येऊ शकतात, पुढे काळे डाग राहतात.

सर्वाधिक ऊन ज्यांच्या वाट्याला येते, त्या खुरपणी-वेचणीच्या बायकांना दर दोन तासांनी क्रीम लावणे परवडणारे नाही. त्या साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला रुमाल बांधतात. आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही अर्कापेक्षा हे संरक्षण भरवशाचे आहे. क्रीम घेणाऱ्यांनीही अतिनील-अ आणि ब दोन्ही अडवणारे घ्यावे. अर्क त्यात जोडीला असेल तर उत्तम.

जालन्याची मोसंबी, मराठवाड्यातले डाळिंब यांची रस काढल्यावर उरणारी साल संशोधनाला हाताशी आहे. छत्रपती संभाजीनगरात औषधनिर्माणशास्त्राचे शासकीय महाविद्यालय आहे, घाटी रुग्णालय आहे. मार्गदर्शक प्राध्यापकांना विनंती आहे : क्युव्हेटमधल्या, म्हणजे द्रावण मोजण्याच्या पात्रातल्या, आकड्यावर प्रबंध संपवू नका. नैतिक समितीची परवानगी घ्या, त्वचारोगतज्ज्ञांना सोबत घ्या आणि निवडक अर्क त्वचेवरच्या चाचणीपर्यंत न्या. तोवर त्या आकड्याला सनस्क्रीनचा एसपीएफ म्हणू नका.