फडताळाचा हिशेब

गेल्या आषाढात ओट्याखालच्या कपाटाचे दार सौ.च्या हातात आले. बिजागरी शाबूत होती, स्क्रूही तिच्यातच होते. ज्या फळीत ते बसविले होते ती फळी मात्र दुधात भिजविलेल्या पावासारखी फुगून सुटली होती. सहा वर्षांपूर्वी भविष्यनिर्वाह निधीतून ७८,००० रुपये काढून आम्ही हे नव्या धाटणीचे स्वयंपाकघर थाटले होते. म्हणजे वर्षाला १३,००० रुपये भाडे भरून कपाट वापरले म्हणावयाचे! आणि त्याच्या हौसेपायी वडिलांनी करून घेतलेले सागवानी फडताळ मी किरकोळ भावात देऊन टाकले. आई तेव्हा काही बोलली नव्हती.

आमच्या तेलुगू सुतारकाकांनी फळीचा तुकडा बोटांनी कुस्करून दाखविला. "पंतुलुगारू, हे लाकूड नाही, डिंकात बसवलेला भुसा आहे." पार्टिकल बोर्डाचे याहून नेमके वर्णन मला करता येणार नाही. वरचा चकचकीत पापुद्रा पाणी अडवितो खरा. पण कडेला, नळासाठी पाडलेल्या भोकाशी, तो उघडा राहतो आणि तेथूनच ओल आत शिरते. एकदा फुगलेला भुसा वाळला तरी पूर्ववत होत नाही.

आदिलाबादची हवा केवळ दमट असती तरी एक वेळ निभावले असते. येथे वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि ज्येष्ठ सरता सरता पैनगंगेवरून पावसाळी ढग येतात. लाकूड उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते; सांध्यांना खरा जाच होतो तो या ओढाताणीचा. जुने सुतार म्हणूनच दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवीत. तिला हलावयास जागा असे, म्हणून ती तडकत नसे. प्लायवुडमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवितात, त्यामागेही हीच दृष्टी. मात्र प्लायवुड घेताना त्यावरील मानकाचा आकडा वाचावा: आय.एस. ७१० हे पाण्याला टिकणारे, आय.एस. ३०३ मधील केवळ 'एम.आर.' प्रतीचे मोरीजवळ ठेवू नये.

सागाच्या जिल्ह्यात राहून सागवान घ्यावे, हा उपदेश सोपा आहे. परंतु वाळवीला दाद न देण्याचा गुण सागाच्या गाभ्यात असतो. सालीलगतच्या फिकट लाकडात तो नसतो. कोवळ्या झाडात असे फिकट लाकूडच पुष्कळ. त्यामुळे 'साग' या नावावर भुलून घेतलेली स्वस्त फळीही वाळवी खाते. असो.

शेवटी आम्ही ओट्याखाली कडप्प्याचे उभे-आडवे खण बसविले. दगडाला ना ओल बाधते, ना वाळवी. दारे तेवढी सागाची, तीही जुन्या वाड्याच्या तुळयांतून निघालेल्या लाकडाची. खर्च पहिल्यापेक्षा अधिक आला, हे लपवीत नाही, सौ.ने तो अद्याप मला विसरू दिलेला नाही.

यंदाच्या श्रावणात त्यांतील एक दार घट्ट बसले. मी रंधा मारावयास सुतारकाकांना बोलावू लागलो, तेव्हा आई स्वयंपाकघरात आली, दारावरून हात फिरविला आणि म्हणाली, "राहू दे. दिवाळीनंतर आपोआप सुटेल. आपलं जुनंही असंच करायचं."