जीर्णोद्धार की डागडुजी?

जुन्या वास्तूंविषयी बोलताना आपण ‘जीर्णोद्धार’ हा शब्द फार सहजपणे वापरतो. जीर्ण झालेल्याचा उद्धार करणे हे पुण्यकर्मच, अशी आपली धारणा असल्यामुळे त्या कल्पनेविषयी शंका घेण्यास सहसा कुणी धजावत नाही. ती शंका घ्यायला हवी, असे लंडनमधील ‘द डव्ह’ या मद्यगृहाचा विचार करताना वाटते.

टेम्सच्या काठी, हॅमरस्मिथच्या पुलापासून जवळच अप्पर मॉल हा भाग आहे. तेथील एका अरुंद बोळात अठराव्या शतकातील ही इमारत उभी आहे. तिचा दर्शनी भाग अगदी साधा आहे. आत ठेंगणे छत, काळवंडलेल्या तुळया, शेकोटी, मध्येच बदलणारी जमिनीची पातळी आणि मागे थेट नदीवर उघडणारी गच्ची. तेथील एक खोली ४ फूट २ इंच रुंद आणि ७ फूट १० इंच लांब, म्हणजे जेमतेम ३३ चौरस फुटांची आहे. या चिमुकलेपणामुळे तिची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथात झाली. जेम्स टॉमसनने ‘रूल ब्रिटानिया’ हे १७४० सालचे गीत येथेच लिहिले, अशीही आख्यायिका आहे. अशा आख्यायिका गिऱ्हाइकाला आवडतात, मद्यगृहाच्या मालकालाही सोयीच्या असतात. वास्तूचे मोल मात्र त्यांवर ठरू नये. या वास्तूची खरी साक्ष तिच्या खोल्यांच्या मापांत आणि त्यांच्या मांडणीत आहे.

याच रस्त्यावरील केल्मस्कॉट हाउसमध्ये विल्यम मॉरिस १८७८पासून १८९६मध्ये मृत्यू येईपर्यंत राहत होता. त्याआधी एकच वर्ष, १८७७मध्ये, त्याने प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली होती. जुन्या चर्चच्या भिंतींवरील गिलावा खरवडून त्यांना ‘मूळ’ रूप देण्याचा सपाटा तेव्हा चालला होता. म्हणून या संस्थेला ‘खरवडविरोधी’ असे टोपणनाव मिळाले. मॉरिसचा मुद्दा सरळ होता : मूळ रूप म्हणून जे घडवले जाते ते आजच्या माणसाने रचलेले काल्पनिक रूप असते, आणि ते रचताना मधल्या शतकांचा पुरावा कायमचा नष्ट होतो. म्हणून वेळच्या वेळी डागडुजी करावी, वास्तू नव्याने घडवू नये. ‘डागडुजी’ या आपल्या घरगुती शब्दात जी नम्रता आहे, ती ‘जीर्णोद्धारा’त नाही.

या मद्यगृहाचे त्या काळचे नाव ‘द डव्ज’. त्यावरूनच शेजारची पुस्तकबांधणीची कार्यशाळा आणि पुढे १९०० साली निघालेला डव्ज प्रेस यांना नावे मिळाली. या छापखान्याचा एक संस्थापक कॉब्डेन-सँडरसन याचे भागीदार एमरी वॉकरशी बिनसले. छापखान्याचा विख्यात टाइप वॉकरच्या हाती पडू नये म्हणून त्याने १९१६-१७मध्ये रात्री-अपरात्री खेपा घालून तो सारा हॅमरस्मिथच्या पुलावरून नदीत टाकला. २०१४मध्ये नदीच्या तळातून त्यातले सुमारे दीडशे खिळे बाहेर निघाले. परिपूर्णतेचा हट्ट धरणारा माणूस स्वतःची निर्मितीही नष्ट करू शकतो. त्याच्याच शेजारची ओबडधोबड, ठिगळे लागलेली इमारत मात्र टिकली.

अर्थात, जुन्या रचनेचे गोडवे गाताना एक आक्षेप विसरता येणार नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील असंख्य मद्यगृहांच्या मधल्या भिंती पाडून एकच मोठे दालन करण्यात आले. त्यामागे व्यापारी हिशेब होता हे खरे. पण त्या भिंती समाजातील उतरंडही दाखवत होत्या. मजुरांची खोली वेगळी, सभ्य गृहस्थांची वेगळी, आणि दुसरीत त्याच बिअरचे दाम अधिक. अशा भिंती पडल्या तर शोक कशाला करावा?

आक्षेप रास्त आहे. पण त्या उतरंडीला जबाबदार समाज होता; भिंत पाडल्याने केवळ तिचा पुरावा जातो. आज त्या ३३ चौरस फुटांच्या खोलीत कुणीही बसू शकते. भिंत तीच राहून तिचा अर्थ पालटला आहे, आणि हा पालट कळण्यासाठीच ती भिंत उभी असायला हवी.

‘डव्ह’ला कायद्याचे संरक्षण आहे, आणि इंग्लंडमध्ये हे संरक्षण इमारतीच्या अंतर्भागालाही लागू होते. मात्र कायदा भिंती राखतो, वापर राखू शकत नाही. हे मद्यगृह ज्या फुलर्स कंपनीचे, तिने २०१९मध्ये आपला बिअर बनवण्याचा धंदाच जपानच्या असाही कंपनीला विकला. तरीही लोक त्या ठेंगण्या छताखाली दाटीवाटीने बसतात, अनोळखी माणसाला जरा सरकून जागा देतात. माणसांना असे जवळ आणणारा अडचणीचा आकार उद्या सोयीसाठी ‘सुधारला’, तर सगळ्या तुळया जागच्या जागी राहूनही ती वास्तू संपलेली असेल.