वहीतली बाकी

 मी खालापूर तालुक्यात शिक्षिका झाले. दिवाळीची सुट्टी संपली की वर्गातली कातकरी मुलं दिसेनाशी व्हायची. “भट्टीवर गेली,” एवढंच उत्तर वाडीवर मिळायचं. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा आईबाप शेठकडून उचल घेतात आणि ती फेडायला सगळं घर वीटभट्टीवर नाहीतर कोळसाभट्टीवर जातं. आठवड्याला खर्ची, विटांचा हिशेब हजारावर, आणि वही शेठच्या हातात. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो, तेव्हा बऱ्याचदा काहीतरी बाकी निघतेच. ती पुढच्या हंगामाला चिकटते.

ही बाकी डोक्यात असल्यामुळे चर्चमध्ये क्षमेवरचं प्रवचन ऐकताना मी इकडंतिकडं बघत बसते. हे चाललंय कुणासाठी? बहुतेक वेळा ते दुबळ्यासाठी असतं. मार खाणाऱ्या बायकोला, हक्कसोडपत्रावर सही करून बसलेल्या बहिणीला सांगतात, प्रभूनं तुला क्षमा केली, आता तूही कर. द्रुतगती मार्ग येऊन जमिनींना भाव आल्यापासून आमच्याकडं अशा बहिणी पुष्कळ झाल्यात. त्या मान डोलावतात. दुसरं करणार काय?

मत्तयाच्या 18व्या अध्यायातला दाखला येशूनं वेगळ्याच माणसाला धरून सांगितला आहे. राजानं एका चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार, आणि दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी. गणित मांडा : सहा कोटी दिवसांची मजुरी, म्हणजे वर्षाला 300 दिवस राबलं तरी दोन लाख वर्षं. हा सुटलेला चाकर बाहेर पडतो आणि शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. शंभर दीनार म्हणजे तीन महिन्यांहून जास्त मजुरी. काही थोडी रक्कम नव्हे ती, येशूनंही तिला क्षुल्लक म्हटलेलं नाही. पण दाखल्यात क्षमा मागितली आहे ती गळा धरणाऱ्याकडून. ज्याचा गळा आवळला जातोय त्याला कुणीही ‘मन मोठं कर’ असं सांगत नाही.

क्षमेच्या प्रवचनांत आणखी एक गोष्ट येते, सिस्टर राणी मारियांची. त्या मध्य प्रदेशात उदयनगरच्या आदिवासींना सावकाराच्या पाशातून सोडवत होत्या. बडे जमीनदार त्यामुळं दुखावले. 25 फेब्रुवारी 1995 रोजी जमीनदारांच्या माणसानं, समुंदर सिंहनं, बसमध्ये राणी मारियांना भोसकून मारलं. 2002 मध्ये त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. 2006 मध्ये तो सुटला. 2017 मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्य घोषित केलं गेलं. सेल्मींची क्षमा माझ्या आवाक्याबाहेरची आहे, हे मी मान्य करते. पण व्यासपीठावरून राखीची गोष्ट ऐकू येते आणि राणी मारिया ज्या कामापायी मेल्या ते कर्ज गाळलं जातं. ही आपली सोय आहे.

कर्जाचा प्रश्न आमच्या भागाला नवा नाही. माथेरानचे स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल यांनी शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नयेत म्हणून धान्यकोठ्या काढल्या होत्या. पुढं 2 जानेवारी 1943 रोजी ते सिद्धगडावर हुतात्मा झाले. 1976च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं तर वेठबिगारीचं कर्ज फेडण्याची जबाबदारीच रद्द केली. म्हणजे भट्टीवरच्या ज्या घराचं कर्ज त्या व्याख्येत बसतं, त्याच्यावर शेठ मेहेरबानी करतोय असं म्हणायला जागाच उरत नाही. व्याख्येत न बसणारी बाकी उरते, आणि तिथं ख्रिस्ती माणसाची खरी कसोटी लागते.

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ भट्टीच्या ऐन हंगामात येतो. उचल देणारे, व्याजानं पैसे फिरवणारे, भावाबहिणीचा हिस्सा दाबून बसलेले आमच्या बाकांवरही असतात. पाळकांनी त्या चाळीस दिवसांत एकदा तरी त्यांना नाव न घेता, पण त्यांना कळेल असं, वही काढायला सांगावं. शुभ शुक्रवारच्या आत बाकी शून्य लिहून, सही करून, कागद त्या घराच्या हातात द्यावा. आणि पुढच्या पावसाळ्यात त्या घरानं दुसऱ्याच शेठकडून उचल घेतली, तर त्याला कृतघ्न म्हणू नये.