घट्ट किती, सैल किती?

माझा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहतो. तेथे सरोवरांना तोटा नाही. उन्हाळा आला की मोटरबोटीला बांधलेला दोर धरून, पायांना स्की लावून पाण्यावरून घसरत जाण्याचा खेळ तेथे जोरात चालतो. या खेळाला वॉटर स्कीइंग म्हणतात. आमचा हा विद्यार्थीही तो शिकला. दोन स्कींवर तोल सांभाळता येऊ लागल्यावर त्याला एकाच स्कीवर दोन्ही पाय ठेवून वळणे घेण्याचा, म्हणजे स्लालमचा, नाद लागला. मग त्याचे पत्र आले. "सर, पाय स्कीला बांधणारे बूट, ज्यांना येथे बायंडिंग म्हणतात, ते दुकानात तीन-चार तऱ्हांचे आहेत. विक्रेता सांगतो की बूट जितका घट्ट तितका स्कीवर ताबा चांगला. भौतिकशास्त्राचे काय म्हणणे आहे?"

पत्र वाचताना मला आमच्या जुन्या घरातल्या विजेच्या फ्यूजची आठवण झाली. तो वरचेवर उडायचा. शेवटी घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी कंटाळून त्यात तांब्याची चांगली जाड तार बसवली. फ्यूज उडणे बंद झाले आणि सर्वांना आनंद झाला. पुढे एके दिवशी इस्त्रीत बिघाड झाला, फ्यूज शाबूत राहिला आणि भिंतीवरची वायर जळाली.

विद्यार्थी मित्रांनो, माझ्या मते बायंडिंग हा स्कीपटूचा फ्यूज आहे. नेहमीचा भार त्याने मुकाट्याने वाहिला पाहिजे आणि भार मर्यादेबाहेर गेला की त्याने पाय सोडलाच पाहिजे. ही दोन कामे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. त्यांतले पहिलेच लक्षात ठेवून दुसरे विसरणे म्हणजे फ्यूजमध्ये जाड तार बसवणे.

आधी हा खेळ कसा चालतो ते पाहू. स्लालमचा मार्ग २५९ मीटर लांबीचा असतो. मोटरबोट त्याच्या मधून सरळ रेषेत, ठरलेल्या वेगाने जाते. मध्यरेषेपासून ११.५ मीटर अंतरावर, एक उजवीकडे, पुढचा डावीकडे, असे सहा बोये तरंगत असतात. खेळाडूने प्रत्येक बोयाला बाहेरून वळसा घालायचा असतो. लागोपाठच्या दोन बोयांमध्ये बोटीच्या दिशेने ४१ मीटर अंतर असते. प्रौढ पुरुषांच्या स्पर्धेत बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटरपर्यंत असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १६ मीटर.

आता वही-पेन्सिल घ्या. बोट ४१ मीटर जाते तेवढ्यात, म्हणजे सुमारे अडीच सेकंदांत, खेळाडूला २३ मीटर आडवे जायचे आहे. पायथागोरसच्या प्रमेयाने त्याचा मार्ग निदान ४७ मीटरांचा होतो. म्हणून त्याचा सरासरी वेग सेकंदाला १८ मीटरांहून अधिक, म्हणजे ताशी सुमारे ६६ किलोमीटर झाला. पण बोयाजवळ वळताना तो मंदावतो. ती कसर भरून काढण्यासाठी मधल्या भागात त्याला याहून पुष्कळ जास्त वेगाने जावे लागते. दर अडीच सेकंदांनी आडवी दिशा उलटवायची, हे सारे बल पाणी स्कीला देते, स्की बुटाला देते आणि बूट पायाला. या साखळीत बूट सैल असला तर काय होईल?

सायकलच्या हँडलमध्ये ढिलेपणा आला की आपण मूठ वळवतो, पण चाक क्षणभर वळतच नाही. यंत्रकामात याला 'प्ले' म्हणतात. स्लालममध्ये टाच बुटात अर्धा सेंटिमीटर जरी उचलली गेली, तरी खेळाडूचा कल स्कीपर्यंत उशिरा पोहोचतो. शिवाय एका फेरीत सहाही बोये साधले की दोर आखूड करीत जातात. सुरुवातीला तो १८.२५ मीटर असतो. अव्वल खेळाडू ११.२५ मीटर आणि त्याहूनही आखूड दोरावर खेळतात. बोया मध्यरेषेपासून ११.५ मीटरांवर आणि दोर त्याहून आखूड! उरलेले अंतर हात लांबवून आणि अंग पाण्यावर आडवे झोकून भरून काढायचे. तेव्हा विक्रेत्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. ताबा हवा तर बूट पायाशी एकजीव हवा. भर वेगात कललेले असताना पाय अकारण सुटला तर तोही अपघातच.

पण आता दुसरी बाजू पाहा. स्लालमची स्की सुमारे १७० सेंटिमीटर लांब असते. घोट्यापासून तिचे पुढचे टोक साधारण ९० सेंटिमीटर दूर असते. तोल जाऊन हे टोक पाण्यात रुतले आणि पाण्याने त्यावर २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलोग्रॅम वजनाइतके, बल लावले असे समजू. बल गुणिले अंतर म्हणजे आघूर्ण. ते येथे १८० न्यूटन-मीटर होते. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर ६० किलोचा माणूस उभा राहिला तर नटावर इतकेच आघूर्ण येईल. येथे नटाच्या जागी आपला घोटा आहे. स्की ही तरफ आहे, आणि तरफेला आपला मालक कोण हे कळत नाही. खेळाडू तिच्यावर जोर लावतो, तसा पडताना पाणीही तिच्याच साहाय्याने खेळाडूवर जोर लावते. अशा वेळी पाय सुटला नाही तर घोटा आणि टाचेमागची शीर यांच्यावर सारा भार येतो.

या खेळाची सुरुवात मात्र सैल बंधनांनीच झाली. याच मिनेसोटात लेक पेपिन नावाचे सरोवर आहे. तेथे २ जुलै १९२२ रोजी राल्फ सॅम्युएलसन हा अठरा वर्षांचा तरुण पाण्यावर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तो एकोणीस वर्षांचा झाला. पिंपाच्या फळ्या आणि बर्फावरच्या स्की वापरून त्याचे आधीचे प्रयत्न फसले होते. मग त्याने पाइनच्या ८ फूट लांब, ९ इंच रुंद फळ्या घेतल्या, त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली आणि मधोमध चामड्याचे पट्टे ठोकले. पाय त्या पट्ट्यांत नुसते सरकवायचे. सरळ रेषेत जायला तेवढे पुरत होते. पडले की पाय आपोआप बाहेर येत. पुढे वळणे आली, वेग वाढला, तसे पट्टे जाऊन रबराचे बूट आले, नंतर नाडीचे, आणि आता प्लास्टिकच्या कठीण कवचाचेही आहेत. ताबा वाढत गेला तसा 'सुटायचे कसे' हा प्रश्नही वाढत गेला.

बर्फावरच्या स्कीइंगमध्ये या प्रश्नाकडे आधी लक्ष गेले. तेथल्या बायंडिंगमध्ये स्प्रिंग असते आणि तिच्यावर आकडे असतात. स्कीपटूचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि त्याचे कौशल्य पाहून कोणता आकडा लावायचा याची आंतरराष्ट्रीय कोष्टके आहेत. म्हणजे तेथे फ्यूजवर ॲम्पिअर छापलेले आहेत! पाण्यावरच्या बहुतेक बायंडिंगांवर असा आकडा नसतो. नाडी किती आवळली, पाय ओला होता की कोरडा, रबर नवे होते की उन्हाने कडक झालेले, यांवर सुटण्याची मर्यादा ठरते. म्हणून येथे खेळाडूला स्वतःच प्रयोगकर्ता व्हावे लागते.

मी विद्यार्थ्याला जे लिहिले त्याचा सारांश येथे देतो.

पहिली गोष्ट निवडीची. मऊ रबराचा पुढचा बूट आणि मागच्या पायासाठी नुसता बोटांवरून जाणारा पट्टा, ही जोडी नवशिक्याला बरी. पाण्यातून उठताना मागचा पाय मोकळा ठेवून तोल सांभाळता येतो आणि पडताना तो सहज निघतो. दोन्ही पायांना पूर्ण बूट घातले तर ताबा वाढतो, परंतु एक पाय सुटून दुसरा अडकून राहिला की सारे आघूर्ण त्या एकाच घोट्यावर येते. म्हणूनच काही बायंडिंगांत दोन्ही बूट एकाच पट्टीवर बसवतात, आणि ती पट्टीच स्कीपासून सुटते. कठीण कवचाचे बूटही सुटण्याची यंत्रणा असेल तरच घ्यावेत. विजेत्याच्या पायात जे दिसते ते आपल्या पायाला योग्य असते असे नाही. पाच ॲम्पिअरच्या दिव्यांना पंधरा ॲम्पिअरचा फ्यूज कोणी लावत नाही.

दुसरी गोष्ट मापाची. बूट पाय ओला करून तपासावा. कोरड्या कातडीला रबर चिकटते, ओल्या कातडीवरून घसरते. घर्षण बदलले की मापही बदलते. बूट घालताना साबणाचे पाणी वापरतात ते याचसाठी. जमिनीवर कोणाला तरी स्की धरायला सांगून टाच उचलून पाहावी. साध्या ओढीने ती हलू नये, पण नेट लावल्यावर हात न लावता पाय बाहेर यावा. बधिरपणा आला तर बूट फार घट्ट आहे. रबराला चीर गेली असेल तर तो बूट टाकून द्यावा.

तिसरी गोष्ट जागेची. बायंडिंग स्कीवर पुढे-मागे सरकवता येते, त्यासाठी ओळीने भोके असतात. स्कीच्या मागच्या टोकापासून टाचेपर्यंतचे अंतर मोजतात आणि उत्पादकाने सांगितलेल्या आकड्यापासून सुरुवात करतात. बूट पुढे सरकवला की शरीराचा भार पुढे जातो, स्कीचा अधिक भाग पाण्यात बुडतो, ती लवकर मंदावते आणि वळणात शिरते. फार पुढे गेला तर टोक रुतते, आणि मघाचे १८० न्यूटन-मीटर आठवावेत. बूट मागे नेला की टोक वर उचलले जाते, स्की वेगाने धावते, पण वळायला कुरकुर करते.

येथेच बहुतेकांची चूक होते. वळण जमले नाही की लोक बूट एक भोक पुढे घेतात, नाडी आवळतात, स्कीखालचे माशाच्या परासारखे पातेही हलवतात, आणि हे सारे एकाच दुपारी! मग सुधारणा झाली तर कशामुळे, बिघडले तर कशामुळे, हे त्यांना कधीच कळत नाही. नियम सोपा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीही एकाच भोकाने. बोटीचा वेग आणि दोराची लांबी तीच ठेवायची. निदान सहा फेऱ्या करायच्या, कारण एखादी चांगली फेरी योगायोगानेही साधते. आणि सारे वहीत लिहायचे. पाण्यावर उतरण्यापूर्वी प्रत्येक स्क्रू तपासायचा, अंगात लाइफ जॅकेट घालायचे आणि खेळाडूवर नजर ठेवणारा माणूस बोटीत हवा, हे तर सांगायलाच नको.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. दोलकाच्या प्रयोगात आपण लांबी बदलताना गोळा तोच ठेवायला सांगतो, आणि मुले ते निमूटपणे ऐकतात. पण का, हे पुष्कळांना उमगत नाही, कारण दोलक चुकला तर कोणाचा घोटा मुरगळत नाही. 'एका वेळी एकच बदल' हा प्रयोगवहीतला शिष्टाचार नाही. खरोखरचा माणूस त्यावर विसंबून पाण्यात उतरतो. दोलकाबरोबर कधीतरी या मुलाच्या स्कीची गोष्ट सांगून पाहा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोडे जण स्लालम खेळतील. पण सुटणाऱ्या गोष्टी तुमच्याही घरात आहेत. प्रेशर कुकरला सुरक्षा झडप असते आणि विजेच्या फळीवर आता फ्यूजच्या जागी एम. सी. बी. असते. त्या काम करतात तेव्हा आपल्याला राग येतो, कारण आपले काम थांबते. त्या वेळी झडप दाबून बंद करू नका आणि जाड तारही शोधू नका. भार का वाढला ते शोधा.

त्या मुलाचे उत्तर आले. त्याने मऊ बूट आणि मागचा पट्टा घेतला. पहिल्याच आठवड्यात तो तीनदा जोरात पडला आणि तिन्ही वेळा पाय सुटला. वहीत त्याने लिहिले, "आज बूट एक भोक मागे. बाकी सर्व पूर्ववत." हे वाक्य वाचून मला समाधान वाटले.