खलिफाचं पेन आणि लेथवरचा पोरगा

'फाउंटन पेनचा शोध मुसलमानांनी लावला' हा मेसेज वर्षातून दोन-तीनदा तरी माझ्या मोबाइलवर येतो. खाली 'माशाअल्लाह'ची रांग. गोष्ट अगदीच बनावट नाही. दहाव्या शतकातला फातिमी खलिफा अल-मुइझ याला दौतीत बुडवावं न लागणारं, बाहीत ठेवलं तरी कपडे न डागाळणारं पेन हवं होतं. ते तयार झालं, असं त्याच्या पदरच्या काझी नुअमानने लिहून ठेवलं आहे. पेन सोन्याचं होतं. पहिल्यांदा शाई जरा जास्त सुटली, मग ती आवरली. ते पेन आज शिल्लक नाही.

खलिफाचं नाव आपल्याला ठाऊक, काझीचंही. ज्याने ते घडवलं तो मात्र नुसता 'कारागीर'. मला हे बोचतं, कारण आपलं आजही तसंच चाललं आहे.

माझ्या ओळखीचा एक आयटीआय झालेला टर्नर शिफ्टनंतर पितळेची फाउंटन पेनं करतो. रॉड चकमध्ये धरायचा, ड्रिल मारायचं, मग आतून बोअर करत भिंत मिलिमीटरभर उरवायची, नाहीतर पेन हातात जड होतं. पितळ नरम, पण लबाड. लोखंडासाठी घासलेलं टूल लावलं तर ते जॉबमध्ये ओढलं जातं, म्हणून टूलची वरची बाजू सपाट घासावी लागते. खरी कसोटी टोपणाच्या आट्यांची. एकेरी आटा असेल तर टोपण कितीदा तरी फिरवत बसावं लागतं. म्हणून तीन आटे एकमेकांत गुंफलेले काढायचे, तिन्हींची सुरुवात बरोबर १२० अंशांवर. एक चुकला की टोपण भंगारात. निब तेवढं जर्मनीचं, विकतचं. (शाई पितळेला खाते, म्हणून आत कन्व्हर्टर.)

एवढं येणाऱ्या पोराचं स्थळ सांगताना घरचे म्हणतात, "मुलगा कंपनीत आहे." 'लेथवर आहे' म्हटलं की समोरची मंडळी चहाचा कप खाली ठेवतात. हजरत दाऊद यांच्यासाठी लोखंड मऊ केलं गेलं, ते चिलखतं घडवत आणि स्वतःच्या हातच्या कमाईवर जगत, हे जुम्याच्या बयानात ऐकून आलेलीच ही मंडळी! काळ्या हातांची लाज आपल्या दीनने शिकवलेली नाही, ती आपण कारकुनीच्या नादाने उचलली.

दुसरीकडे असंच घडतं असंही नाही. राजमुंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांची एबोनाइटची पेनं लेथवरच होत. गांधीजींनी १९३५ साली पत्र पाठवून त्यांचे आभार मानले. त्या पेनावर नाव कारागिराचंच आहे, रत्नम.

आमच्याकडे जमातीच्या गुणगौरव समारंभात दहावी-बारावीच्या मुलांना पेनं वाटतात. शेकड्याने आणलेली, महिनाभरात गळणारी. माझं म्हणणं साधं आहे. पहिल्या पाच मुलांची पेनं तरी या पोराकडून करून घ्या, पैसे रोख द्या, घासाघीस करू नका. महाग पडतील, मान्य. स्टेजवरच्या शालींचा खर्च कमी करा. आणि पेनं वाटायला पाहुण्यांच्या रांगेतल्या नगरसेवकाऐवजी त्यालाच उभं करा, नाव पुकारून.